सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांचा कारखाना, पंचवीसेक वर्षांचे सिमेंटचे पत्रे. वळवाच्या वाऱ्यात पाच पत्रे उडाले, दोन फायबर पत्रे फुटले. पावसाळ्याआधी ते बदलायचे आहेत. पत्रेवाला म्हणतो, "बोल्टच्या ओळीवरून चालतो, काही होत नाही." गेल्या वर्षी शेजारच्या शेडमधला मजूर पत्र्यातून थेट मागावर पडला होता, म्हणून तुम्ही विचारताय की चांगला सेफ्टी बेल्ट घेऊन दिला तर पुरेल का.

नाही पुरणार. बेल्ट घ्याच, पण या कामात त्याचा नंबर शेवटचा लागतो. छपरावरून पडणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कडेवरून घसरणारा माणूस येतो. सिमेंटच्या पत्र्यांवर बहुतेक वेळा तसं होत नाही. माणूस छपराच्या मधोमध, कडेपासून लांब असतो आणि पायाखालचा पत्राच फुटतो. आधी कसला आवाज नाही, तोल सावरायला वेळ नाही. १५ फुटांवरून जमिनीपर्यंत पोचायला एक सेकंदही लागत नाही आणि आपटताना वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असतो. खाली माग असेल तर माणूस त्याच्या बीमवर (सूत गुंडाळलेल्या रुळावर) किंवा लोखंडी सांगाड्यावर पाठीने आदळतो. त्यामुळे माणूस पडल्यावर कसा अडवायचा हे नंतर पाहू. पत्र्यावर त्याचं वजन पडूच नये, यासाठी काय करता येईल ते आधी ठरवू.

बोल्टच्या ओळीचं आधी बोलतो, कारण या एका समजुतीवर विश्वास ठेवून फार माणसं वर चढतात. बोल्टच्या ओळीखाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा लोखंडी दांडा असतो, तिथे आधार मिळतो, एवढं खरं. पण ते पर्लिन जेमतेम दोन-तीन इंच रुंद, आणि माणसाचं पाऊल दहा इंच लांब. टाच किंवा चवडा बाहेर राहतोच. ६ मिमी जाडीचा नवा पत्रा ते एखादवेळी सहन करेलही. पंचवीस उन्हाळे आणि पावसाळे खाल्लेला पत्रा ठिसूळ झालेला असतो, तो वाकत नाही, सरळ तुटतो. शिवाय बोल्टसाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं त्याच ओळीत, आणि तडे सुरू होतात ते या भोकांपासूनच. म्हणजे ज्या ओळीला पत्रेवाला भक्कम समजतो, तिथेच पत्रा आतून फाटलेला असण्याची शक्यता जास्त. त्यात दोघांनी मिळून साधारण ४० किलोचा तीन मीटरचा पत्रा उचललेला असेल, तर पायाखाली बघणार कोण? एक जण अर्धं पाऊल चुकला की दुसराही ओढला जातो. वर्षानुवर्षं असंच चाललोय, हे पत्रेवाल्याचं म्हणणं खरं असेल. पण दर वर्षी पत्रा आणखी ठिसूळ होत गेलाय, हेही तितकंच खरं आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जे पाच उडाले ते दिसतात, त्यांच्या शेजारचे दिसत नाहीत. वाऱ्याने पत्रा उचकटताना त्याच्या कडेला चिकटलेल्या दोन-तीन पत्र्यांनाही तेवढाच हिसका बसलेला असतो. वरून ते धड दिसतात. आत दिवे बंद करून, दुपारच्या उजेडात खालून बघा. बोल्टच्या भोकाभोवती केसाएवढी फट, पाणी झिरपल्याचे काळे ओघळ, भोक लांबट झालेलं, यातलं काहीही दिसलं तर तो पत्रा फुटलेला समजा आणि यादीत घ्या. पाचाचे आठ-नऊ होतील, पण तुम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा माणूस वर चढवावा लागणार नाही.

फायबर पत्र्यांचं तर वेगळंच. उजेडासाठी बसवलेले हे पत्रे उन्हाने पिवळे पडतात, त्यावर धूळ आणि मागातून उडणारा सुताचा भुसा बसतो. उन्हाळ्यात गरमी कमी व्हावी म्हणून छपराला चुना मारला असेल, तर वरून सिमेंटचा पत्रा कुठला आणि फायबरचा कुठला हे ओळखताच येत नाही. खालून मात्र उजेड येतो म्हणून लगेच कळतं. म्हणून काम सुरू होण्याआधी खालून मोजा: गेबलच्या (शेडच्या टोकाच्या त्रिकोणी) भिंतीपासून कितव्या कैचीत (छपराच्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्यापाशी), कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीपासून कितवा पत्रा. कागदावर साधा नकाशा काढा, आणि प्रत्येक फायबर पत्र्याच्या जागी लाल फुली करा. हा नकाशा वर काम करणाऱ्या प्रत्येकाला खाली उभं करून, छपराकडे बोट दाखवून समजावायचा. नुसता हातात दिला तर तो खिशात जातो.

आता काम कसं करायचं. इथे तुमच्या शेडवर बरंच अवलंबून आहे आणि न बघता मी ठाम सांगू शकत नाही. तुम्हीच टेप घेऊन तीन मापं घ्या: जमिनीपासून पत्र्यापर्यंतची उंची (पन्हळीपाशी आणि आढ्यापाशी, दोन्ही), दोन पर्लिनमधलं अंतर, आणि फुटलेल्या पत्र्यांखालच्या मागांमधली वाट किती रुंद आहे ते. आपल्याकडच्या जुन्या शेडमध्ये पर्लिन साधारण साडेचार फुटांवर असतात. ६ मिमीच्या सिमेंट पत्र्याला १.४ मीटरपेक्षा जास्त अंतर चालतच नाही. कुठे जास्त भरलं तर तिथला पत्रा आणखी कच्चा धरायचा.

मी असं काम आखताना पहिला पर्याय नेहमी खालून करण्याचा धरतो. फुटलेल्या भागाखालचे माग दोन-तीन दिवस बंद ठेवायचे, बीमवर ताडपत्री टाकायची आणि मागांच्या वरून परांची बांधायची. परांचीची साधी तयार चौकट, एच-फ्रेम, बहुतेक वाटांमध्ये मावत नाही, म्हणून सेंट्रिंगवाल्याकडून कपलॉक, म्हणजे सुटे जोडायचे पाइप, मागवा: उभे पाइप मागाच्या दोन्ही बाजूंच्या वाटांत, आडवे मागाच्या वरून. फळ्यांचा तळ पत्र्यापासून पाच ते साडेपाच फूट खाली यावा, म्हणजे माणूस उभा राहून पत्र्याला हात लावू शकतो आणि उघड्या जागेतून हात वर काढू शकतो. तळ पूर्ण भरलेला हवा, मध्ये फटी नकोत. फळ्यांची टोकं आधाराच्या बाहेर निदान अर्धा फूट यायला हवीत आणि दोन्हीकडे बांधलेली हवीत. मोकळ्या बाजूंना मीटरभर उंचीचा कठडा, मध्ये एक आडवा पाइप, आणि पाना खाली पडू नये म्हणून तळाशी सहा इंचांची पट्टी. हा तळ फुटलेल्या जागेपुरताच बांधू नका. शेजारची एकेक ओळही त्यात घ्या, कारण वजन चुकून जाणार ते शेजारच्याच पत्र्यावर.

खालून काम करताना जुने जे-बोल्ट (खालचं टोक हुकासारखं वळवलेले) काढणंही सोपं पडतं. वरचा नट गंजून बसलेला असतो. वरून तो फिरवायला गेलं की जोर लावावा लागतो, आणि तो जोर ज्या पत्र्यावर गुडघा टेकलाय त्यालाच बसतो. खालून पर्लिनला वळसा घातलेला हुक बोल्ट कटरने तोडला की बोल्ट सुटतो. ८ मिमीच्या बोल्टला २४ इंची कटर पुरतो. ग्राइंडर लावू नका. मागाच्या शेडमध्ये कैचीवर, केबलवर सगळीकडे भुसा बसलेला असतो, एक ठिणगी पडली तर आग लागायला वेळ लागत नाही. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडं कापलं की बारीक धूळ छातीत जाते आणि त्याचा त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. पत्रा फोडू नका, ओला करा, शक्यतो अख्खा उतरवा. काम करणाऱ्यांना धुळीचा चांगला मास्क द्या, तोंडाला बांधलेला रुमाल चालणार नाही.

नवा पत्रा परांचीवरून, दोन पर्लिनच्या मधून तिरका वर घालता येतो. पत्र्याची रुंदी १.०५ मीटर, पर्लिनमधली जागा त्याहून मोठी. एका वेळी एकच जागा उघडी ठेवा आणि ती बंद केल्यावरच पुढची उघडा. भोक ड्रिलने पाडायचं, बोल्टपेक्षा २-३ मिमी मोठं, कायम नागमोडीच्या उंचवट्यावर. डांबरी वायसर बसेल इतपतच नट आवळायचा. करकचून आवळलेला पत्रा पहिल्याच उन्हाळ्यात भोकापाशी तडकतो, आणि पुन्हा कुणाला तरी तिथे चढावं लागतं.

एक अडचण मात्र खालून सुटत नाही. शेजारची जागा उघडी असेपर्यंत नट त्या उघड्या जागेत उभं राहून आवळता येतात. शेवटचा पत्रा बसला की त्याचे नट वरूनच आवळावे लागतात. त्यासाठी, आणि माग बंद ठेवणं खरोखरच शक्य नसेल तर सगळ्याच कामासाठी, फळ्या लागतात.

फळ्यांबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण 'फळी टाकली होती तरी पडला' असंही होतं. फळी निदान तीन पर्लिनवर टेकली पाहिजे. साडेचार फुटांचे दोन गाळे म्हणजे नऊ फूट, दोन्हीकडे अर्धा फूट बाहेर, म्हणून दहा फुटांची फळी. बाजारात सहज मिळणारा प्लायवुडचा तुकडा आठ फुटी असतो. तो दोनच पर्लिनवर टेकतो आणि त्याचं एक टोक मोकळ्या पत्र्यावर येतं. त्या टोकावर पाय पडला की फळीसकट माणूस खाली जातो. दीड इंच जाडीच्या, नऊ इंच रुंदीच्या दोन लाकडी फळ्या शेजारी ठेवून खालून आडव्या पट्ट्या मारा, दीड फूट रुंदीचा रस्ता तयार होतो. वरच्या बाजूला दर एक फुटावर पाय अडकायला पट्टी मारा, कारण छपराला उतार आहे आणि चपलेखाली भुसा असतो. वरचं टोक आढ्यापलीकडे दोरीने कैचीला बांधा. नुसती ठेवलेली फळी घसरते. अशी एक फळी साधारण ३० किलो भरते, म्हणून ती उचलायला दोघं हवेत. आणि फळ्या दोन कधीच पुरत नाहीत, तीन किंवा चार ठेवा. दोनच असल्या की एक पुढे सरकवताना माणूस "फक्त एक पाऊल" पत्र्यावर टाकतो, आणि घात तिथेच होतो. पन्हळीतून चालत जाणं हा फळ्या टाळण्याचा आणखी एक प्रकार. भुसा साचून ओल राहिलेली पत्र्याची पन्हळ तळाला गंजलेली असते, तीसुद्धा पाय ठेवायची जागा नाही.

आता बेल्ट. कंबरेचा पट्टा घेऊ नका. पडताना सगळा झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. छाती, खांदे आणि मांड्यांभोवती पट्टे असलेला पूर्ण हार्नेस घ्या, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. पण घेण्याआधी एक साधी बेरीज करा. नेहमीची दोरी १.८ मीटर. झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर राखीव. म्हणजे दोरी जिथे अडकवली तिथून खाली सहा मीटर, वीस फूट मोकळी जागा लागते. तुमची शेड १४-१५ फुटांची धरली, त्यात मागाची उंची पाच फूट. मागाच्या वर मोकळी जागा राहते दहा फूट. दोरी ताणली जायच्या आधी माणूस मागावर आदळलेला असेल. हार्नेस घातलेला, दोरी बांधलेली, तरीही जायबंदी.

त्यासाठी आपोआप गुंडाळणारा रिट्रॅक्टेबल ब्लॉक मिळतो. तो डोक्याच्या वर अडकवला तर साधारण दीड मीटरच्या आत अडवतो. पण छपरावर डोक्याच्या वर काहीच नसतं. पायाच्या पातळीला अडकवून, आडवा ओढून वापरायचा असेल तर त्या वापरासाठी बनवलेला ब्लॉकच हवा, कारण फुटलेल्या पत्र्याची धार दोरी कापू शकते. दुकानदाराला हेच शब्द वापरून विचारा आणि सोबतच्या पत्रकात लिहिलेलं वाचून घ्या. अडकवायची जागाही महत्त्वाची. ती दीड टनाचा ओढा सहन करणारी हवी. पर्लिनला किंवा पन्हळीच्या ब्रॅकेटला बांधलेली दोरी म्हणजे समाधानापुरती. कैचीच्या मुख्य अँगलला, जिथे दोन-तीन अँगल एकत्र येतात त्या सांध्यापाशी, पट्ट्याची स्लिंग घालून बांधा. कैची स्वतः गंजलेली असेल तर तिथेही नाही. म्हणून तर मी परांचीवर एवढा जोर देतोय. खाली साडेपाच फुटांवर तळ असेल तर वर चढलेल्या माणसाला पडायला जागाच उरत नाही, आणि हार्नेस त्यावरची जास्तीची काळजी ठरतो.

शिडीचं लवकर आटोपतो. चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर, वरचं टोक चढायच्या जागेच्या मीटरभर वर, आणि वर बांधलेली. अ‍ॅल्युमिनियमची शिडी किंवा लांब पत्रा फिरवताना महावितरणच्या तारा कुठे आहेत ते आधी बघा. कारखान्याची सर्व्हिस लाइन बहुतेक वेळा छपराच्या कोपऱ्यावरूनच जाते.

वेळेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याखालच्या परांचीवर त्याहून जास्त तापतं. डोळ्यापुढे अंधारी आलेला माणूस किती उंचीवर उभा आहे हे शरीराला कळत नाही. सकाळी सहाला सुरू करून दहा-साडेदहाला थांबवा. दुपारनंतर वळवाची वावटळ उठते. तीन मीटरच्या पत्र्यावर ताशी ४० किलोमीटरचा झोत आला तर वीस-पंचवीस किलोचा धक्का बसतो, तोही आडवा. आभाळ भरायला लागलं की हातातला पत्रा खाली आणि माणूसही खाली. पहाटे दव पडलं असेल किंवा रात्री शिंतोडे झाले असतील तर पत्रा वाळेपर्यंत वर फळ्यांवरही कुणी जाऊ नये.

हे सगळं पाळलं जाईल की नाही, ते बऱ्याच अंशी तुम्ही मजुरी कशी ठरवता यावर आहे. नगावर पैसे दिले की पत्रेवाल्याला परांचीचा प्रत्येक तास तोट्याचा वाटतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. रोजावर ठरवा, परांचीचं भाडं वेगळं आणि तुमच्या खिशातून द्या. आणि कारखान्यातल्या सगळ्यांना, विशेषतः माग सांभाळणाऱ्या जॉबरला, स्पष्ट सांगून ठेवा: गळती दिसली, डांबराचा एक बोळा लावायचा आहे, दहा मिनिटांचं काम आहे, तरीही फळीशिवाय कुणी वर चढायचं नाही. पत्रेवाल्याचा माणूस निदान छपराला ओळखून असतो. असा मध्येच चढवलेला माणूस चप्पल घालून, रिकाम्या हाताने, एकटाच चढतो.

तरीही कुणी पडलंच तर त्याला उठवून बसवू नका, हातपाय धरून उचलू नका, पाणी पाजू नका. डोकं आणि मान आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल किंवा रक्त वाहत असेल, तेवढ्याकडे ताबडतोब बघा. शुद्धीत आहे, चालतो म्हणतो, म्हणून रिक्षात बसवून सिव्हिलला नेऊ नका. पायावर पडलेल्याची टाच मोडली असेल तर कमरेचा मणकाही दबलेला असू शकतो, आणि टाचेच्या वेदनेपुढे तो पाठ दुखतेय असं सांगतही नाही. किती फुटांवरून आणि कशावर पडला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते मणक्याचाही एक्स-रे काढतील. हार्नेसला लोंबकळत राहिला असेल तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. त्याला काही मिनिटांतच खाली घ्यावं लागतं, म्हणून उतरवायची शिडी आणि दोन माणसं काम सुरू होण्याआधीच नेमून ठेवा. त्या हार्नेसचा पुन्हा वापर नाही, कापून टाका.

शेवटचं, फायबर पत्र्यांबद्दल. परांची उभी आहे आणि जागा उघडी आहे तोवर एक काम करून घ्या. नवा फायबर पत्रा टाकण्याआधी त्या गाळ्यात दोन इंच चौकोनाची, १० गेजची वेल्डमेश जाळी दोन्ही पर्लिनला बोल्टने बसवा, वर पत्रा टाका. उजेडात फारसा फरक पडत नाही. धड असलेल्या बाकीच्या फायबर पत्र्यांखालीही, परांची पोचते तिथपर्यंत, हीच जाळी खालून मारता येते. फॅब्रिकेटरला मापं आधी देऊन ठेवलीत तर जाळ्या कापून तयार येतील आणि मागांची बंदी एका दिवसाहून जास्त वाढणार नाही.